चित्तप्रकृती आणि कौटुंबिक जीवन
व्यक्तीच्या भावनिक प्रतिक्रियांची तीव्रता, गती व टिकाऊपणा यांचा बव्हंशी जन्मजात असलेला कल म्हणजे चित्तप्रकृती होय. तरुणांचे मानसिक स्वास्थ्य केवळ ह्या प्रकृतीवर वा केवळ घरावर अवलंबून नसून त्या दोहोंच्या मेळावर अवलंबून असते.

आयुर्वेदात वातादी दोषांवरून, तर प्राचीन ग्रीक वैद्यकात चार शरीररसांवरून प्रकृतिभेद मानीत. आधुनिक अभ्यासाचा पाया अलेक्झांडर टॉमस व स्टेला चेस ह्या दांपत्याने १९५६ मध्ये न्यूयॉर्क येथे घातला. सहज जुळवून घेणारी (सु. ४० टक्के), अवघड (सु. १० टक्के) व हळूहळू रुळणारी (सु. १५ टक्के) असे मुलांचे प्रकार त्यांनी सांगितले, उरलेली संमिश्र होत. अवघड प्रकृती हा स्वतः विकार नव्हे. घरच्यांच्या अपेक्षा तिच्याशी विसंगत असल्या, तरच ती बाधक ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या कुटुंबांत हा मेळ दरवर्षी कसोटीला लागतो. मुकादमाकडून उचल घेऊन पतिपत्नींची जोडी, म्हणजे ‘एक कोयता’, दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जाते आणि गाळप संपल्यावर परतते. मुले कारखान्याजवळच्या कोपीवर राहतात किंवा गावी आजीआजोबांजवळ. हळूहळू रुळणाऱ्या मुलाला वर्षातून दोनदा नव्याने रुळावे लागते. तापट मुलाची अस्वस्थता हट्ट समजली जाते. शांत स्वभावाच्या थोरल्या मुलीवर भावंडे व चूल सोपविली जाते आणि तिच्या मनावरील ताण कोणाच्या ध्यानी येत नाही. मुलीला एकटी ठेवण्याच्या धास्तीने तिचा विवाहही लवकर उरकतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०–२४ वयोगटातील स्त्रियांपैकी अठराव्या वर्षापूर्वी विवाह झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सु. २२ टक्के, तर बीड जिल्ह्यात सु. ४४ टक्के होते. स्वतःची ओळख घडण्याच्या वयातच अशा मुलींवर संसाराचा भार पडतो.

तथापि प्रतिकूलतेचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. हवाई बेटांपैकी कौआई येथे १९५५ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या दीर्घकालीन अभ्यासात एमी वर्नर यांना असे आढळले, की अनेक आपत्तींत वाढलेल्या मुलांपैकी सु. एकतृतीयांश समर्थ तरुण झाली. मनमिळाऊ प्रकृती आणि आजी, आजोबा वा शिक्षक अशा एका तरी वडीलधाऱ्या व्यक्तीचा स्थिर जिव्हाळा ही त्यांतील प्रमुख कारणे होती.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर केली. वसतिगृहामुळे शिक्षण खंडित होत नाही. मानसिक स्वास्थ्यासाठी मात्र मुलाचा स्वभाव जाणणारी व वर्षानुवर्षे सोबत राहणारी व्यक्तीही तेथे आवश्यक असते.