दंडातली बेटकुळी

लहान मुले हात कोपरात दुमडून दंड फुगवतात आणि "बघ माझी बेटकुळी" म्हणून एकमेकांना दाखवतात. कुणी तिला बेंडकुळी म्हणते. शब्द उघडच बेडकावरून आलेला आहे. कातडीखाली काहीतरी उडी मारायच्या बेतात बसले आहे असे वाटते खरे! गंमत अशी, की इंग्रजीतला 'मसल' हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा अर्थ 'छोटा उंदीर' असा आहे. रोमन लोकांना कातडीखाली उंदीर दिसला, आपल्याला बेडूक. शास्त्राने पुढे आपल्याच बाजूने कौल दिला म्हणायचा, कारण १७९१ साली इटलीतल्या गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाची तंगडी विजेने कशी झटका मारते ते प्रसिद्ध केले, आणि तिथून पुढे स्नायूंचा पुष्कळसा अभ्यास बेडकाच्या मांडीवरच झाला.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. मला या विषयाकडे नेले ते शब्दांनीच. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात माणसाच्या शरीरात ५०० पेशी आणि ९०० स्नायू सांगितले आहेत. तिथे 'पेशी' म्हणजे मांसाचा गोळा आणि 'स्नायू' म्हणजे शरीर बांधून ठेवणारे दोर. हिंदीने जुना अर्थ राखला. तिथे आजही 'मांसपेशी' म्हणतात. मराठीने मात्र 'पेशी' हा शब्द शरीराच्या सूक्ष्म घटकाला देऊन टाकला आणि मांसाच्या गोळ्याला 'स्नायू' म्हटले. मराठी पुस्तक मिटून हिंदी पुस्तक उघडणाऱ्याची यात चांगलीच त्रेधा उडते. या लेखात मी मराठी अर्थच धरते. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या पांढऱ्या चिवट दोरीला मात्र 'कंडरा' म्हणू.

स्नायू आतून कसा असतो? शिजलेल्या मटणाचा तुकडा बोटांनी सोडवून पाहिला तर त्याचे लांबट धागे निघतात. दोर जसा पेडांचा, पेड सुतळीचे आणि सुतळी तंतूंची, तसाच हा प्रकार. मोठा स्नायू म्हणजे जुडग्यांचे जुडगे. एका जुडग्यात अनेक स्नायुतंतू. हा एक तंतू म्हणजेच एक पेशी, आणि ती केसाइतकी बारीक असूनही काही ठिकाणी कित्येक सेंटिमीटर लांब असते. तिच्या पोटात पुन्हा शेकडो सूक्ष्म तंतू शेजारी शेजारी पडलेले असतात. हे सूक्ष्म तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की त्यांच्यावर आडवे काळे-पांढरे पट्टे दिसतात, अगदी पट्ट्यापट्ट्यांच्या सतरंजीसारखे. पट्ट्यांचा एक पुरा ठेका म्हणजे एक 'सार्कोमियर'. एका मिलिमीटरमध्ये असे सुमारे ४०० ठेके एकापुढे एक बसतात. स्नायूचे सगळे बळ या इवल्या घरातून येते.

आता मुख्य प्रश्न. बेटकुळी फुगते तेव्हा स्नायू आखूड होतो, हे हाताला कळते. पण आखूड होते ते नेमके काय? पुष्कळ दिवस शास्त्रज्ञांना वाटत होते की आतले धागे रबरासारखे किंवा घडी पडल्यासारखे आक्रसत असावेत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हंगेरीतल्या सेगेड गावी सेंट-ज्यॉर्जी आणि त्याचे सहकारी स्नायूतली प्रथिने वेगळी काढत होते. मायोसिन हे प्रथिन आधीच ठाऊक होते. १९४२ साली तिथेच स्ट्राउबने अ‍ॅक्टिन शोधले. दोन्ही मिसळून केलेल्या धाग्यावर एटीपी नावाचे द्रव्य घातले, आणि तो निर्जीव धागा आखडला.

उलगडा मात्र १९५४ साली झाला. 'नेचर' नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन निबंध आले. एक अँड्र्यू हक्सली आणि नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन या बाईंचा. दोन्ही हक्सलींचे एकमेकांशी नाते नाही. पहिल्या जोडीने बेडकाचा जिवंत तंतू घेतला होता, दुसरीने सशाच्या स्नायूतले सूक्ष्म तंतू. दोघांना दिसले ते एकच: स्नायू आखूड होताना फिकट पट्टा अरुंद होतो, पण गडद पट्ट्याची रुंदी जशीच्या तशी राहते. याचा अर्थ कुठलाच धागा आखूड होत नाही. जाड धागे मायोसिनचे, बारीक धागे अ‍ॅक्टिनचे, आणि ते एकमेकांमधून सरकतात. दोन फण्या समोरासमोर धरून एकीचे दात दुसरीच्या दातांत सरकवा. दात तेवढेच राहतात, पण दोन्ही फण्यांची मिळून लांबी कमी होते.

सरकवते कोण? जाड धाग्याला दोन्ही बाजूंनी बारीक डोकी फुटलेली असतात. एक डोके शेजारच्या बारीक धाग्याला पकडते, मान वाकवून त्याला ओढते, सोडते, पुन्हा सरळ होऊन पुढची जागा पकडते. आडातून पोहरा शेंदताना आपण हेच करतो. दोर आखूड होत नाही. एक हात धरतो, दुसरा सोडतो, आणि पोहरा वर येतो. एका ओढीत धागा एका मिलिमीटरच्या लाखाव्या भागाइतकाच सरकतो. पण अशी डोकी अगणित, आणि सार्कोमियर एकापुढे एक हजारो.

इंधन आहे एटीपी. मला सगळ्यांत आश्चर्य वाटले ते पुढच्या गोष्टीचे. धाग्याला पकडलेले डोके सुटण्यासाठी नवा एटीपी लागतो. तो मिळाला नाही तर पकड सुटतच नाही. माणूस गेल्यावर काही तासांनी शरीर ताठ होते, ते यामुळेच. इंधन संपलेले असते आणि डोकी धाग्याला तशीच चिकटून राहतात. दीड-दोन दिवसांनी प्रथिनेच मोडू लागली की मग ताठरपणा जातो. सैल पडणे म्हणजे काहीच न करणे असे आपण समजतो, पण शरीराच्या हिशोबात त्यालाही खर्च आहे.

हुकूम येतो मज्जातंतूकडून. तो पोचला की तंतूच्या आतल्या पिशव्यांतून कॅल्शियम बाहेर पडते. बारीक धाग्यावर एरवी एक झाकण असते, त्यामुळे डोक्यांना पकडायला जागा मिळत नाही. कॅल्शियम आले की झाकण सरकते. ते परत पिशवीत भरले की झाकण पुन्हा बसते. हे परत भरण्याचे कामही फुकट होत नाही. तिथेही एटीपीच खर्ची पडतो.

हृदयाचा आणि आतड्याचा स्नायू यांची रचना थोडी निराळी आहे. हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळातच काय ती विश्रांती घेते, एवढे सांगून पुढे जाते.

आपल्याकडे काम खूप झाले की 'अंग आंबले' म्हणतात. शास्त्रज्ञही बरीच वर्षे तेच म्हणत होते: स्नायूत लॅक्टिक आम्ल साचते, म्हणून अंग दुखते. आता ते मत मागे पडले आहे. ते आम्ल तासा-दोन तासांत निघून जाते. दुसऱ्या दिवशीचे दुखणे तंतूंना झालेल्या बारीक इजांचे असते, आणि ती इजा स्नायू ताणला जात असताना भार पेलावा लागला की जास्त होते. गड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात त्या उतरण्यामुळे.

राहिला प्रश्न 'काम' या शब्दाचा. नववीच्या पुस्तकात कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन, असे आपण पाठ केले. वस्तू हललीच नाही तर कार्य शून्य. आता सिद्धेश्वराच्या यात्रेतले सात नंदिध्वज आठवा. संक्रांतीच्या सुमारास पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी ते उंच ध्वज घेऊन ६८ लिंगांच्या प्रदक्षिणेला निघतात. मिरवणूक थांबली की ध्वज पेलणारा जागच्या जागी उभा असतो. पुस्तकाप्रमाणे त्या वेळी तो ध्वजावर काहीही कार्य करत नाही. पण घाम येतोच, आणि माणसे आळीपाळीने बदलावी लागतात. कारण आत डोकी धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. धागा सरकत नसला तरी एटीपी जळतच असतो आणि सगळी उष्णता होते. शिवाय आवळलेला स्नायू स्वतःतल्याच रक्तवाहिन्या दाबतो. चालताना पोटरी आवळते नि सुटते, तेवढ्यात रक्त फिरते. नुसते धरून ठेवणाऱ्याला ती सवड मिळत नाही.

सोलापुरात हजारो बायका घरी विड्या वळतात. माझी आईही वळते, आणि कॉलेजातून आल्यावर तिच्या शेजारी मीही बसते. "बसूनच तर काम आहे" असे लोक म्हणतात. माणसाचे डोके साडेचार-पाच किलोचे असते. सुपावर वाकले की ते मानेमागच्या स्नायूंनी तासन्‌तास तोलून धरायचे. पान गुंडाळणाऱ्या बोटांत तर स्नायू नाहीतच. बोटे वाकवणारे मोठे स्नायू कोपराखाली असतात आणि लांब कंडरांनी बोटे ओढतात. डाव्या हाताने उजवा हात कोपराखाली धरून बोटे हलवा, आत हालचाल लागेल. विडीची बोटे थकतात आणि दुखते कोपराजवळ, ते यासाठी.

हे आईला समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग हात मधूनमधून सोडायला पाहिजे." आता शंभर विड्या झाल्या की ती सूप खाली ठेवते, हात झटकते, मान मागे टाकते. त्याने हजार पुरे व्हायला उशीर होतो, आणि मजुरी हजारावर आहे.