कोंबडीच्या खाद्यातील दोन चिमटी

पहाटेच्या वेळी पनवेलहून तळोज्याच्या बाजूला गेलात, तर जाळीच्या पिंजऱ्यांत पांढऱ्या कोंबड्या भरलेला एखादा टेम्पो तुम्हांला हटकून दिसेल. त्या कोंबड्यांचे वय किती असेल? जेमतेम सहा आठवडे! अंड्यातून बाहेर येताना ४० ग्रॅमच्या आसपास असलेले पिल्लू तेवढ्या काळात २ किलोंचे होते. त्यासाठी ते सुमारे साडेतीन किलो खाद्य खाते. मुख्यतः मका आणि सोयाबीनची पेंड.

थोडे गणित करू. खाद्यात सरासरी २० टक्के प्रथिने धरली, तर साडेतीन किलोंत ७०० ग्रॅम झाली. कोंबडीच्या अंगात मात्र ३५० ग्रॅमच्या आसपासच भरतात. उरलेली निम्मी गेली कुठे? काही पचतच नाहीत, काही रोजची झीज भरून काढण्यात जातात. पण आणखीही एक कारण आहे, आणि ते छापखान्यात चांगले समजते.

पूर्वी शिशाचे खिळे जुळवून मजकूर छापत. समजा, ‘पनवेल’ हा शब्द पुनःपुन्हा जुळवायचा आहे. ‘प’, ‘न’ आणि ‘वे’ यांचे शंभर-शंभर खिळे आहेत, ‘ल’चे चाळीसच. शब्द चाळीसच होणार! प्रथिने म्हणजे सुमारे २० अमिनो आम्लांची अशीच जुळणी. मका-सोयाबीनच्या खाद्यात पहिला तुटवडा पडतो तो मेथिओनीन या आम्लाचा. छापखान्यातले जादा खिळे खणात ठेवता येतात, पिल्लाला ती सोय नाही. जादा आम्ले मोडावी लागतात. त्यांतला नायट्रोजन यूरिक आम्लाच्या रूपाने बाहेर पडतो आणि या खटाटोपात उष्णताही निर्माण होते. कोंबडीला घाम येत नाही. कोकणातल्या मे महिन्यात ती चोच उघडी टाकून धापा टाकते, त्यात ही भर!

प्रथिनांत नायट्रोजन सुमारे १६ टक्के असतो. म्हणजे ३५० ग्रॅमांमागे ५६ ग्रॅम. पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये २८० किलो! खाली अंथरलेले भाताचे तूस ओलसर झाले की जिवाणू त्या यूरिक आम्लापासून अमोनिया बनवतात. डोळे चुरचुरतात, माणसांचे आणि पक्ष्यांचेही.

उपाय सोपा आहे. ‘ल’चे खिळे तेवढे विकत आणायचे. टनभर खाद्यात दोन-तीन किलो मेथिओनीन आणि जोडीला थोडे लायसीन मिसळले, तर प्रथिने २० टक्क्यांवरून १९ वर आणता येतात. पक्ष्यामागे ३५ ग्रॅम प्रथिने वाचली. वाया जाणाऱ्या ३५० ग्रॅमांचा हा दहावा भाग.

दुसरी चिमूट वेगळ्या जातीची. प्रतिजैविक अल्प प्रमाणात खाद्यात घातले तर पिल्ले भरभर वाढतात, हे १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत दिसून आले. मग ती पद्धतच पडली. कोलिस्टिन हे, इतर औषधे हरल्यावर रुग्णालयात काढायचे राखीव अस्त्र. तेही खाद्यात जाऊ लागले. २०१५ साली चीनमधील संशोधकांना कोलिस्टिन निष्प्रभ करणारा, एका जिवाणूतून दुसऱ्यात जाऊ शकणारा जनुक सापडला. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. युरोपीय संघाने वाढीसाठीची प्रतिजैविके २००६ पासूनच बंद केली होती. आपल्याला उशीर झाला, असे माझे मत आहे.

गंमत अशी की या दोन चिमटींचा एकमेकींशी संबंध आहे. न पचलेली प्रथिने आतड्याच्या शेवटच्या भागात पोचली की क्लॉस्ट्रिडियम जातीच्या घातक जिवाणूंना आयतीच मेजवानी मिळते. प्रतिजैविक त्यांना दाबून ठेवत असे. ते काढून घेतल्यावर प्रथिनांचा हिशेब अधिकच काटेकोर ठेवावा लागतो.