रानपिंगळा : आपल्या शहाद्याच्या डोंगरात सापडलेला हरवलेला पक्षी



उसाचा भाव, उतारा, पाण्याची पाळी यांची चर्चा आपण नेहमीच करतो. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. पण तोही आपल्याच शिवारातला आहे, आणि शेवटी फिरून उसाच्या बुडख्याशीच येणारा आहे.

गोष्ट २५ नोव्हेंबर १९९७ ची. तेव्हा नंदुरबार जिल्हा झाला नव्हता, आपण धुळे जिल्ह्यातच होतो. सकाळी साडेआठचा सुमार. शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे तिघे अमेरिकन पक्षीअभ्यासक फिरत होते. एका निष्पर्ण झाडाच्या शेंड्याकडे, भर उन्हात, एक छोटे घुबड बसलेले दिसले. तिघांनी श्वास रोखला. पक्षी उडाला नाही. त्यांनी त्याचे फोटो घेतले, चित्रीकरणही केले. ज्या पक्ष्याला जगाने जवळजवळ संपला असे धरले होते, तो ११३ वर्षांनी आपल्या डोंगरात निवांत ऊन खात बसला होता! तोच हा रानपिंगळा. पुस्तकांत त्याला वनपिंगळाही म्हणतात.

आता थोडा इतिहास. १८७२ साली आजच्या छत्तीसगड भागात ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याला हा पक्षी प्रथम मिळाला. पुढल्या वर्षी अॅलन ह्यूम यांनी त्याला ब्लेविटचेच नाव दिले. हे ह्यूम म्हणजे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारेच. त्यानंतर डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या खानदेशातून काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र पत्ता नाही.

मध्ये एक भानगड झाली. कर्नल माइनर्ट्झहागेन या इंग्रज गृहस्थाने १९१४ साली गुजरातेत मांडवीला हा पक्षी मारल्याचा दावा केला. रासमुसेनबाईंनी त्याचा नमुना बारकाईने तपासला, तेव्हा निघाले काय, तर तो डेव्हिडसनचाच जुना नमुना, संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला! म्हणजे मांडवीचा पत्ताच खोटा. मग तिघांनी खऱ्या जुन्या ठिकाणांची वाट धरली. आधी पूर्वेकडे शोधले, तिथे निराशा झाली, आणि मग खानदेशात येताच काम फत्ते झाले. खोट्या नोंदीने वर्षानुवर्षे वाट चुकते, हे वजनकाट्यावर उभ्या राहणाऱ्या आपल्याला वेगळे सांगायला नको.

पुढे तळोदा, तोरणमाळच्या जंगलात, यावल आणि मेळघाटातही तो दिसला. तरी जगात तो फक्त भारतातच आहे आणि त्याची संख्या फार थोडी आहे.

ओळखायचा कसा? आपल्या बांधावरच्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे. पंखांवर व शेपटीवर रुंद पट्टे, पोट पांढरेशुभ्र, पाय दणकट. आकार साळुंकीएवढा. साधा पिंगळा तिन्हीसांजेला बाहेर पडतो, हा दिवसाढवळ्या शिकार करतो. सरडे, पाली, उंदीर, किडे हे त्याचे खाणे. घर मात्र सागाच्या विरळ जंगलातल्या जुन्या झाडाच्या ढोलीत.

रानपिंगळा उसात येत नाही, हे खरे. पण त्याचे भाऊबंद येतात. साधा पिंगळा, गव्हाणी घुबड, आणि दिवसा एका जागी पंख फडफडवत हवेत थांबणारी कापशी घार. उंदीर-घुशी उसाची खालची कांडी कुरतडतात, तिथे ऊस कुजतो, वजन आणि उतारा दोन्ही जातात. ह्या कामाला ही मंडळी बिनपगारी चौकीदार आहेत.

माझीच चूक सांगतो. बांध सरळ करायच्या नादात मी एक पोकळ जुना निंब तोडला. बुंधा आडवा झाला आणि ढोलीतून पिंगळ्याची दोन पिल्ले बाहेर पडली. जगली नाहीत. शेजारचे काका म्हणाले, "बरं झालं, घुबड अभद्रच." पण आई दाराशीच उभी होती. म्हणाली, "लक्ष्मीच्या वाहनाला अभद्र म्हणतोस, आणि लक्ष्मी घरात ये म्हणतोस?" पुढे उंदीर वाढले ते त्यामुळेच, असे मी म्हणणार नाही. पण तो निंब आजही डोळ्यांसमोरून जात नाही.

तेव्हा बंधूंनो, चार गोष्टी करू या. बांधावरचे ढोलीचे झाड राखा. शेतात जागोजागी काठ्यांचे पक्षीथांबे उभे करा. उंदरांसाठी विष वापरलेच, तर मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा. ब्रोमॅडिओलोनसारखे विष उंदराच्या अंगात राहते आणि त्याला खाणाऱ्या पक्ष्यालाही मारते. आणि जादूटोण्यासाठी घुबड मागायला कोणी आला, तर त्याला हाकलून वनखात्याला कळवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घुबड धरणे, मारणे, विकणे हा गुन्हा आहे.

पोरांना फोटोचा नाद असेल तर उत्तमच, मोबाईल आज घरोघरी आहे. पण सांगा त्यांना, सुरुवात बांधावरच्या पिंगळ्यापासून करा. लांबून बघा, ऊन पाठीशी घ्या, पक्षी मान वरखाली करू लागला की आपण जवळ गेलो असे समजून दोन पावले मागे या. ढोलीत हात घालू नका, फांद्या तोडू नका, आवाजाची टेप वाजवून बोलावू नका. राखीव जंगलात जायचे तर वनखात्याची परवानगी घेऊनच.

शंभर वर्षे जग ज्याला शोधत होते, तो आपल्या उशाशी निघाला. त्याला पुन्हा हरवू द्यायचे की नाही, हे आता आपल्या कुऱ्हाडीच्या हातात आहे.