होडी शाकारणें

वैशाख सरत आला, कीं हर्णै, मालवण यांसारख्या बंदरांत निराळीच लगबग सुरू होते. ती समुद्रावर जाण्याची नव्हे, तर समुद्रापासून होडी दूर नेण्याची. नैर्ऋत्येकडील मोसमी वाऱ्यांपुढें नांगरावर उभी असलेली होडी टिकणें कठीण. शिवाय पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. हा काळ होडीनें सुखरूप काढावा म्हणून जी तयारी करावयाची, तिला आपल्या किनाऱ्यावर 'होडी शाकारणें' म्हणतात. ही काळजी जुनी आहे; रामचंद्रपंत अमात्यांच्या 18व्या शतकाच्या आरंभींच्या 'आज्ञापत्रां'तही आरमाराच्या पावसाळी छावणीचा विचार आहे.

श्रोतेहो, आपण विचाराल, कीं जी होडी आठ-दहा महिने पाण्यांतच असते, तिला पावसाचें भय कसलें? उत्तर असें, कीं लांकडाचे वैरी दोन आहेत. पहिला शिंपल्याच्या वर्गांतला, पण अळीसारखा दिसणारा प्राणी. बाहेरून टांचणीच्या डोक्याएवढें छिद्र दिसतें, आंत मात्र फळी पोखरली जाते. हा खाऱ्या पाण्यावर जगतो. होडी कांहीं आठवडे कोरडी राहिली म्हणजे मरतो. दुसरा वैरी कुजविणारी बुरशी. खाऱ्या पाण्यानें मुरलेल्या लांकडांत ती सहसा माजत नाहीं. पण पावसाचें गोडें पाणी सांध्यांत साचलें व हवा कोंडली, कीं तिचें फावतें. लांकडांतील ओलावा 20 टक्क्यांखालीं राहिला, तर तिचें कांहीं चालत नाहीं.

म्हणून होडी भरतीच्या रेषेपलीकडे ओढून घ्यावी आणि वाळूवर न टेकवितां ओंडक्यांवर उभी करून दोहों बाजूंस टेकू द्यावेत. तळाचें शेवाळ व चिकटलेले कवचाचे जीव ओले असतांनाच खरडावे. वाळल्यावर ते दगडासारखे होतात. उन्हांत लांकूड वाळल्यावरच काजूच्या टरफलांचें किंवा माशाचें तेल द्यावें. ओल्या फळीवर तेल दिल्यास ओल आंतच कोंडते. इंजिनांतील खाऱ्या पाण्याच्या नळ्या गोड्या पाण्यानें धुवाव्यात. आंत शिरलेलें पाणी वाहून जावें म्हणून तळाचें बूच काढून ठेवावें. शेवटीं झाप अथवा ताडपत्री घराच्या छपरासारखी उतरती घालावी; मात्र दोन्ही टोकें उघडीं ठेवावींत. घट्ट गुंडाळलेली होडी पावसापासून वांचते, पण स्वतःच्याच दमटपणानें कुजते.

आज फायबरच्या नौका वाढल्या आहेत; त्यांना कुजण्याचें भय नसलें, तरी लांकडी होडीस हे नियम चुकत नाहींत. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण होतो, तेव्हांही दर्या पुरता निवळलेला नसतो. त्याआधीं प्रत्येक फळी हातोडीनें ठोकून पाहावी. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला, तर ती फळी किनाऱ्यावरच बदलावी. खोल पाण्यांत तिचा दोष कळला, तर त्याची किंमत होडीवरील माणसांना मोजावी लागते.