गाळलेली अक्षरे

'कृ. सा. न. वि. वि.' पत्राच्या माथ्यावर ही पाच अक्षरे लिहिली की 'कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष' एवढा मोठा शिष्टाचार पार पडत असे. पत्त्यावर 'मु. पो. ता. देगलूर, जि. नांदेड' लिहिले की टपाल बिनचूक पोचे. लिहिणारा आणि वाचणारा दोघेही जाणते असले, म्हणजे अक्षरे गाळल्याने काही बिघडत नाही.

हाच व्यवहार आज फार निराळ्या ठिकाणी चालतो. बहुतेक घरांत असलेल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात 'लिनक्स' नावाचे कर्नेल असते. कर्नेल म्हणजे गर. बाहेरची करवंटी ती 'शेल', आणि आतला गर, जो यंत्राची स्मृती, वेळ आणि कामे वाटून देतो, तो कर्नेल. त्याच्या लेखनात आज 3 कोटींहून अधिक ओळी आहेत, आणि त्या संक्षेपांनी गजबजलेल्या आहेत. 'एस-के-बी' म्हणजे सॉकेट बफर, जाळ्यावरून येणारा-जाणारा मजकूर ठेवण्याची पेटी. 'व्ही-एम-ए' म्हणजे आभासी स्मृतीचा एक तुकडा, आपल्या शेताच्या गट नंबरासारखा. 'बी-आर-के' म्हणजे ब्रेक, एखाद्या कामाला दिलेल्या स्मृतीची हद्द पुढे-मागे सरकवणारा.

ही काटकसर आली कोठून? लिनक्सचा जन्म 1991 सालचा; पण त्याची कुळी 1969 सालच्या 'युनिक्स'ची. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ते अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रचले. तेव्हाचे टेलिटाइप यंत्र सेकंदाला जेमतेम 10 अक्षरे उमटवी. शिवाय काही यंत्रे नावाची पहिली सहा-आठ अक्षरेच जमेस धरीत. साहजिकच हात आखडता घेतला गेला. नवी फाइल निर्माण करणाऱ्या 'क्रिएट'च्या नावातील शेवटचा 'ई' तेव्हा गळाला तो आजतागायत परत आलेला नाही. युनिक्स पुन्हा रचायचे झाल्यास काय बदलाल, असे विचारता थॉम्पसन यांनी त्या 'ई'चेच नाव घेतले, असे सांगतात!

आपल्या मोडी लिहिणाऱ्या कारकुनांनीही हेच केले. मुक्कामासाठी 'मु॥', मौजेसाठी 'मौ॥', परगण्यासाठी 'प॥'. परंतु एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. त्या दोन दंडांतून कारकून सांगून ठेवी, 'बाबा रे, येथे काही गाळले आहे.' कर्नेलमधील नावाला असा दंड नसतो. 'बी-आर-के' हा शब्द आहे की शब्दाचे उरलेले हाड आहे, हे नवख्याला कळावे कसे?

आणि सांगणारा गेला म्हणजे अर्थही जातो. फाइलीची माहिती ज्यात नोंदलेली असते त्या 'आय-नोड'मधील 'आय' कशाचा, असे खुद्द रिचींना विचारण्यात आले. बहुधा 'इंडेक्स'चा असावा, एवढेच ते सांगू शकले. ज्यांच्या घरी नाव ठेवले गेले त्यांनाच बारसे आठवेना! मग निजामी अमदानीतील दप्तरे उलगडताना आमच्या मराठवाड्यातील माणूस एखाद्या अक्षरापाशी अडला, तर नवल काय? तेथे तर त्या अक्षरात जमिनीचा हक्कही दडलेला असू शकतो.

लिनस टोरवाल्डस यांनी कर्नेल लिहिणाऱ्यांसाठी घालून दिलेला नियम मला म्हणूनच मोलाचा वाटतो. चार ओळींपुरते जे नाव जगणार, ते एका अक्षराचे असले तरी चालेल. पण जे सर्वत्र वावरणार, ते आपला अर्थ स्वतः सांगणारेच हवे. घरात 'बाळ्या' म्हटले तर भागते. शाळेच्या दाखल्यावर मात्र पुरे नाव लागते, तसेच हे.

खेड्यापाड्यांतून आलेली मुले आता संगणक शिकतात. अशी नावे समोर आली की त्यांना वाटते, आपलीच बुद्धी कमी पडते. मुलांनो, तसे नाही. ते तुमचे अज्ञान नव्हे. कोणीतरी, कधीतरी, घाईत गाळलेली अक्षरे आहेत ती. बेधडक विचारा, अर्थ वहीत उतरवून ठेवा. आणि उद्या तुम्ही स्वतः एखादे नाव आखूड कराल, तेव्हा ते निदान एकदा तरी, शेजारीच, पुरते लिहा. मागून येणारा तुम्हाला दुवा देईल.