मजुराचे हजेरीपत्रक आणि साहेबांचा पगार

डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानातील कोट किराना या खेड्यात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावणी भरविली. सरकारी कामांचे कागद भर सभेत वाचले गेले; कोणाच्या नावावर किती मजुरी लागली, हे साऱ्या गावाने ऐकले. अशा सुनावण्यांतून उठलेल्या मागणीचे फळ म्हणजे २००५ चा माहिती अधिकार कायदा. त्याच वर्षीच्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याखाली मजुरांची नावे, कामाचे दिवस आणि मिळालेली मजुरी संकेतस्थळावर जगजाहीर होऊ लागली. तसे करताना त्या मजुराला 'तुझ्या खासगीपणाला बाध तर येत नाही ना?' असे कोणी विचारले नाही. विचारण्याचे कारणही नव्हते. पैसा जनतेचा होता, म्हणून हिशेबही जनतेपुढे होता.

हाच न्याय वरिष्ठ अधिकाऱ्यांना लावावयाचा म्हटले, की मात्र खासगीपणाची आठवण होते. वस्तुतः कायद्याने याबाबत संशयाला जागा ठेवलेली नाही. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रत्येक अधिकाऱ्याचे व कर्मचाऱ्याचे मासिक वेतन, कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता, स्वतः होऊन प्रसिद्ध करावयाचे आहे आणि ती माहिती दरवर्षी अद्ययावत ठेवावयाची आहे.

मग आज हा विषय पहिल्या पानावर घेण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन असे, की १४ नोव्हेंबर २०२५ रोजी वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे जे कलम अमलात आले, त्याने माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमातील तोल बिघडविला आहे. जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती सामान्य नागरिकालाही नाकारता येणार नाही, असे बाणेदार वचन त्या कलमात होते. ते गेले. उरले ते एवढेच, की माहिती 'वैयक्तिक' असेल तर ती देण्याचे बंधन नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अधिकाऱ्याचे सेवाविषयक कागद व मालमत्तेचा तपशील यांना वैयक्तिक माहिती ठरविले, तेव्हाही व्यापक लोकहिताचा अपवाद राखला होता. लोकहिताची वाट आजही कायद्यात आहे. पण तिचा दरवाजा उघडण्याचे ओझे आता नागरिकाच्या खांद्यावर आले आहे. चौथ्या कलमातील वेतनाचे शब्द मात्र या दुरुस्तीने बदललेले नाहीत, हे प्रत्येक कार्यालयाने नीट ध्यानात घ्यावे.

वेतनश्रेणी तर जाहीरच असतात, मग आणखी काय हवे, असे कोणी म्हणेल. सातव्या वेतन आयोगाने १ जानेवारी २०१६ पासून किमान मूळ वेतन १८,००० रुपये, केंद्रीय सचिवाचे २,२५,००० आणि मंत्रिमंडळ सचिवाचे २,५०,००० रुपये ठरविले, हे सर्वश्रुत आहे. परंतु श्रेणी म्हणजे वेतन नव्हे. २०२५ साली 'सेबी'च्या अध्यक्षपदासाठी अर्ज मागविताना दोन पर्याय देण्यात आले होते : सचिवाच्या दर्जाचे वेतन, अथवा घर व मोटार न घेता दरमहा एकत्रित ५,६२,५०० रुपये. भत्ते, बंगला, वाहन यांचे मोल केवढे असते, हे या एका जाहिरातीवरून कळावे. ही रक्कम जाहिरातीत छापली गेली म्हणून आकाश कोसळले नाही. उलट, योग्यतेची माणसे हवी असतील तर वेतनही तसेच द्यावे लागते, हे सरकारला उघडपणे सांगता आले.

आमचा आक्षेप मोठ्या पगाराला नाही. तो लपविण्याला आहे. खासगी कंपन्यांनादेखील ही मोकळीक नाही; शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपनीच्या संचालकाचे वेतन सामान्य कर्मचाऱ्याच्या मध्यम वेतनाच्या किती पट आहे, हे २०१३ च्या कंपनी कायद्याने भागधारकांना सांगावेच लागते. मग सरकारचा भागधारक जो करदाता, त्याचा अधिकार त्याहून उणा कसा?

अधिकाऱ्यालाही घरदार असते, हे आम्ही विसरत नाही. त्याचे आजारपण, त्याच्या मुलाबाळांची माहिती, त्याचे बँकखाते, राहत्या घराचा पत्ता ही त्याची स्वतःची बाब होय, आणि तेथे जनतेने डोकावू नये. पण पदापोटी तिजोरीतून जे मिळते, ते त्या पदाचे अंग आहे. ते उघड राहण्यात प्रामाणिक अधिकाऱ्याचे हितच आहे. कारण पगार अज्ञात असला, की राहणीविषयीच्या कुजबुजीला ऊत येतो.

महाराष्ट्राने माहिती अधिकाराचा कायदा केंद्राच्याही आधी केला. त्या लौकिकाला जागून राज्यातील प्रत्येक महामंडळाने व प्राधिकरणाने आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचे पद, मूळ वेतन, भत्ते व सवलतींसह एकूण मासिक रक्कम मराठीत आणि ठळकपणे दरवर्षी प्रसिद्ध करावी. मजुराने आपला हिशेब चव्हाट्यावर वाचू दिला. साहेबांनी आता संकोच करण्याचे कारण नाही.