साका आणि लावणीतला ताप

अक्षय्य तृतीयेला पाहुणे आले म्हणून आढीतला सर्वांत देखणा हापूस काढला. केशरी साल, घमघमाट, डाग म्हणून नाही. सुरी फिरवली आणि बाठ्याभोवती पांढुरका, स्पंजासारखा गर! शेजारच्या काकू म्हणाल्या, "वरसून सोन्यासारखो, आतून साको. कापल्याशिवाय कळतला कसा?"

तेच तर दुखणं. मालवण-देवगडकडे कलमं असलेल्या घरात पेटी मुंबईला रवाना झाली तरी जीव टांगणीलाच असतो.

मैत्रिणींनो, कैरीतली आणि पिकल्या आंब्यातली जनुकं तीच असतात. मग आंबट कैरी गोड कशी होते? पिकताना वेगळी प्रथिनं कामाला लागतात. पिठूळपणाची साखर करणारी, गर मऊ करणारी, वास आणणारी. जनुकं म्हणजे पाककृतींची वही, तर प्रथिनं म्हणजे आज चुलीवर खरोखर काय शिजतंय ते. कुठली प्रथिनं किती आहेत याची एकत्र मोजदाद म्हणजे 'प्रोटिओमिक्स'. त्यासाठी रेणूंचं वजन करणारं यंत्र लागतं, मास स्पेक्ट्रोमीटर. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशाच यंत्रावर हापूसचा चांगला गर आणि साक्याचा गर ताडून पाहिला. त्यांनी मोजली ती प्रथिनांच्या कामातून घडणारी रसायनं. साक्याच्या गरात ऑक्सिजनची जहाल रूपं वाढतात आणि त्यांना आवरणारे घटक कमी पडतात, असं त्यात दिसलं.

हे वाचताना मला आंब्यापेक्षा आमच्या वाडीतली एक बाई आठवली. भातलावणी उरकली आणि तिला ताप भरला. भिजल्यामुळे असेल म्हणून तीन दिवस अंगावर काढला. मग मलेरिया, डेंग्यू की लेप्टो, हे ठरेपर्यंत आणखी दोन दिवस गेले. वाचली, पण महिनाभर अंथरुणाला खिळली होती. लेप्टोचे जंतू उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून चिखलात येतात आणि पायावरच्या साध्या ओरखड्यातून अंगात शिरतात. सुरुवातीचा ताप मात्र चारचौघांसारखाच. तिथंही वरून काही कळत नाही.

मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये लेप्टोचे रुग्ण, फाल्सिपेरम मलेरियाचे रुग्ण आणि निरोगी माणसं यांच्या रक्तातली प्रथिनं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. लेप्टोत काही प्रथिनांचं प्रमाण बदललं होतं, आणि त्यातल्या काहींची चाल मलेरियापेक्षा निराळी होती. म्हणजे ताप दिसायला सारखा असला तरी रक्तात त्याची खूण वेगळी! रुग्ण मोजकेच होते, त्यामुळे यातून लगेच गावातल्या दवाखान्यात चाचणी येईल अशी आशा धरणं घाईचं होईल.

आमच्या वाडीतली ती बाई आता तरवा काढायच्या आधीच आरोग्यसेविकेला गाठते आणि डॉक्सिसायक्लिनच्या गोळीचं विचारते. आणि कुणाला ताप आला की आधी बजावते, "डॉक्टरांक पयला सांग, चिखलात काम केलला आसा."